लाल दोऱ्याचा घड

आपल्या सासूबाईंना हसता येतं, हे बीयुनला लग्नाला पंचवीस वर्षं झाल्यावर कळलं, आणि तेही स्वयंपाकघराच्या दाराआडून. आत बाचांग बांधत बसलेली रुमी काहीतरी पुटपुटली आणि म्हातारी खळखळून हसली. अर्धांगवायूने एक गाल उतरलेला, तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ गळत होती, तरी हसली. बीयुनच्या हातात भिजवलेल्या तांदळाचं घमेलं होतं. ते तिने ओट्यावर असं काही आदळलं की निम्मे तांदूळ फरशीवर सांडले.

"सावकाश गं," म्हातारी म्हणाली; गल्लीत सगळे तिला आमा, म्हणजे आजी, म्हणत. "तांदूळ फुकट येत नाहीत."

बघा. रुमीला हसू आणि सुनेला तांदळाचा हिशोब. बीयुन खाली बसून एकेक दाणा वेचायला लागली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

शिलुओ गावच्या बाजारगल्लीत छाई कुटुंबाचं बाचांगचं दुकान आहे. बांबूच्या पानाच्या द्रोणात चिकट तांदूळ, डुकराचं मांस, शेंगदाणे, मशरूम आणि मूठभर सुक्या कोळंबीचे सोडे घालायचे, पानाला चार टोकं काढून दोऱ्याने करकचून बांधायचं, मग असे बाचांग एका दोरीला घडाने लटकवून उकडायचे. कृती सगळ्या गल्लीला ठाऊक, पण आमाची गाठ कुणाला जमत नसे. दुकान तिने नवऱ्यामागे एकटीने उभं केलं. बीयुन सून म्हणून आली तेव्हा आमाने तिला गाठ शिकवली खरी, पण तिने बांधलेला प्रत्येक बाचांग सोडून पुन्हा बांधला. एकदाही "बरा झाला" म्हणाली नाही. बीयुन वाट बघत राहिली. माणसाने किती वाट बघावी?

दोन वर्षांपूर्वी आमाचं उजवं अंग गेलं. मग एजंटाने जावाहून रुमियातीला, म्हणजे रुमीला, आणलं. पंचविशीची, सावळी, डोक्याला रुमाल, बोलायला मऊ. करारपत्रात स्पष्ट लिहिलं होतं की तिने आजारी माणसाची सेवा करायची, दुसरं काही नाही. मालक म्हणून सही बीयुनच्या नवऱ्याची, चिनफाची. पण गल्लीत असला कागद वाचतं कोण? ज्याच्या त्याच्या घरची अशी मुलगी कुणाच्या ना कुणाच्या टपरीवर भांडी घासताना दिसायची. एजंटच सांगून गेला होता, "तपासणीवाले आले तर तिला म्हातारीजवळ बसवा म्हणजे झालं."

आणि रुमीला दुकानात ओढलं कुणी? खुद्द बीयुनने. "आमा झोपलीय तोवर जरा पानं धुऊन दे," असं पहिल्याच आठवड्यात तिनेच सांगितलं. पानांवरून मांस चिरण्यावर, मांसावरून बांधण्यावर गाडी आली. मग एके दिवशी आमाने आपली चाकाची खुर्ची रुमीशेजारी लावायला सांगितली आणि डाव्या हाताच्या बोटांनी दाखवायला लागली. "अंगठा दाब. आता टोक मुरड. हं, ओढ!" रुमीचा बाचांग चार कोपऱ्यांनी ताठ उभा राहिला. म्हातारीने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "हा बरा झाला."

बीयुन तेव्हा गल्ल्यावर सुटे पैसे देत होती. तिने गिऱ्हाइकाला शंभराची नोट जास्त दिली.

पुढे तर कहरच झाला. रुमी मुसलमान, तिला डुक्कर चालत नाही. आमाने तिच्यासाठी नवीकोरी कढई आणवली आणि मुगाचे बिनमांसाचे बाचांग वेगळे करवून घेतले. शेजारणी कौतुकाने म्हणाल्या, "बघा, आमा किती मोठ्या मनाची!" बीयुनच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. कारण बीयुनला सोडे सोसत नाहीत. एक सोडा पोटात गेला की अंगभर पित्त उठतं, मनगटापासून मानेपर्यंत लाल गांधी. लग्नानंतरच्या पहिल्याच सणाला हे झालं तेव्हा भीत भीत म्हणाली होती, "आई, माझ्यापुरते एक-दोन बिनसोड्याचे बांधले तर?"

"आपल्या दुकानात एकच चव असते," आमा म्हणाली होती. "तुझ्यासाठी काय पूर्वजांचा नैवेद्य बदलू? सोडे वेचून काढ आणि खा."

तेव्हापासून बीयुन दर सणाला सोडे वेचत आली. वेचले तरी रस भातात उतरतोच. घरच्या सगळ्यांबरोबर एक खायचा, मग मागच्या अंगणात जाऊन खाजवत बसायचं. तिच्या खाजेसाठी कुणी नवी कढई आणली नाही.

यंदा बाचांगच्या मोठ्या सणाला, होड्यांच्या सणाला, आठ-दहा दिवस उरले होते. एका दुपारी गिऱ्हाईक ओसरल्यावर बीयुन मागच्या अंगणात गेली तर तिथे दोघी डोक्याला डोकं लावून बसलेल्या. रुमी एक छोटासा घड बांधत होती, पांढऱ्या दोऱ्याने नाही तर लाल दोऱ्याने. लाल दोरा दुकानात कधी वापरलाच जात नाही.

"आमा, असा?"

"घट्ट. अजून घट्ट ओढ. हां. आता हा फ्रीजरच्या तळाशी ठेव. बाकीच्यांत मिसळू नकोस, कळलं? आणि कुणाला दाखवायचा नाही."

असं म्हणून म्हातारीने डाव्या हाताने रुमीचा गाल थोपटला. बीयुनला तो हात चांगला माहीत होता. त्या हाताने तिची हजारो पानं सोडली होती, गाल कधी थोपटला नव्हता.

"काय चाललंय?" तिने विचारलं.

रुमीने घड पटकन एप्रनखाली घेतला. "काही नाही, बाई."

"तुला काय करायचंय?" आमा म्हणाली. "दुकानात जा, गिऱ्हाईक उभं असेल."

गिऱ्हाईक नव्हतं. बीयुन दुकानात जाऊन रिकाम्या बाकावर बसली आणि तिला रडू आलं. मुगाचे झाले, नवी कढई झाली, आता हिच्यासाठी लाल दोऱ्याचा खास घड, तोही चोरून! उद्या दुकानाची किल्लीही देतील. तिला रुमीचा हेवा वाटत होता, आणि एवढ्याशा पोरीचा हेवा वाटावा याची लाजही वाटत होती. पण लाज मागे पडली.

औषधाच्या दुकानाच्या काचेवर परदेशी कामगारांसाठी तक्रारीचा नंबर चिकटवलेला असतो. बीयुनने भाजीबाजाराच्या मागे जाऊन तो लावला.

"आपलं नाव?"

"नाव कशाला हवंय? शेजारीण आहे मी." बीयुनने आवाज जाडा केला. "छाईंच्या दुकानात एक मुलगी आहे. म्हातारीला सांभाळायला आणलीय, पण दिवसभर दुकानात बाचांग बांधत बसते. बघा काय ते."

तिचा हिशोब साधा होता. पलीकडच्या गल्लीतल्या वांगबाईंकडे काहीतरी तक्रार झाली आणि त्यांची मुलगी बदलून दुसरी आली. तशी इथेही बदलून मिळेल. दुसरी येईल ती मठ्ठ असू दे, कुरूप असू दे, म्हातारीला तिचं तोंड बघवू नये. फोन ठेवून बीयुनने स्वतःसाठी उसाचा रस घेतला आणि चवीने प्यायली.

सणाच्या आदल्या सकाळी दुकानासमोर रांग लागली होती. रांगेत टोपी घातलेली एक तरुण बाई आणि तिच्याबरोबर रुमीसारखाच रुमाल बांधलेली एक पोक्त बाई उभी होती. दोघी बराच वेळ नुसत्या बघत होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा चिनफा घाम पुसत म्हणाला, "किती घड देऊ? गरम आहेत."

टोपीवालीने गळ्यातलं ओळखपत्र पुढे केलं. "कामगार खातं. माझं नाव श्येह. या दुभाषी बाई. ती मागे बसून बांधतेय, ती कोण?"

चिनफाने चिमटा खाली ठेवला. "ती? ती आमच्या घरातलीच. आईला बघते."

"आई कुठे आहेत?"

"आत."

"आणि ही बाहेर."

"सण आहे हो, बाई. हौसेने बसते ती. आमच्यात घरातले सगळेच बांधतात."

"घरातल्यांना करारपत्र नसतं, छाई साहेब," श्येह म्हणाली आणि फोटो काढला.

बीयुन मांसाच्या पातेल्यामागे उभी राहून सगळं ऐकत होती. तिला आतून उकळ्या फुटत होत्या. आता बोल म्हणावं, महाराणी!

श्येह आत गेली आणि दाराशीच असलेल्या आमाच्या खुर्चीशेजारी उकिडवी बसली. "आमा, रुमी दिवसभर तुमच्याजवळ असते का?"

"असते की. मी आत असले की आत, मी दुकानात असले की दुकानात."

"मग दुकानात काम कोण करतं?"

आमाने हनुवटीने बीयुनकडे दाखवलं. "ती करते. पहाटे चारला उठते. पंचवीस वर्षं झाली. तपासायलाच आलायत तर तिचाही कागद तपासा. तिलाही सुट्टी नाही."

रांगेतली दोन माणसं हसली. बीयुनचे कान लाल झाले. परक्या माणसांसमोरसुद्धा हिला टोमणा मारल्याशिवाय राहवत नाही, असंच तिला वाटलं.

दुभाषी बाई रुमीला घेऊन समोरच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसली. दोघी आपल्या भाषेत बोलत होत्या. आधी रुमी मान हलवत होती. मग रुमालाच्या टोकाने डोळे पुसायला लागली. मग एकदम भडाभडा बोलायला लागली. बीयुनने तिला एवढं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

श्येह परत आली ती चिनफापाशीच. "दंड तुमच्या नावे येईल. पत्र मिळेल. पुन्हा असं आढळलं तर घरी मदतनीस ठेवायची तुमची परवानगीच रद्द होईल."

"दंड?" बीयुन पुढे झाली. "आम्हाला? काम तर ती करत होती!"

"तिला कामाला कुणी बसवलं?"

चिनफाने बायकोकडे पाहिलं. बीयुनला धुतलेल्या पानांची पहिली टोपली आठवली.

"आणि एक," श्येह म्हणाली, "तिला इथे राहायचं नाही. दुसरं घर मिळेपर्यंत तिच्या राहण्याची सोय आम्ही करतो. आजच घेऊन जाऊ."

बीयुनच्या मनासारखं झालं होतं. तरी पायाखालची वाळू सरकल्यासारखं वाटलं, कारण 'तिला राहायचं नाही' हे तिच्या हिशोबात कुठेच नव्हतं. जिच्यासाठी कढई, जिच्यासाठी हसू, जिचा गाल थोपटला जातो, तिला जायचंय? एवढं मिळूनही?

रुमी आमाच्या खुर्चीपुढे गुडघ्यांवर बसली. "आमा, माझा जीव आहे तुमच्यावर. खरंच आहे. पण पहाटे तुम्हाला धुवायचं, मग दुकान, मग तुमचं जेवण, मग पानं, आणि रात्री तुमच्या हाका. माझी पाठ गेली, आमा. मला उभ्या उभ्या झोप लागते. परवा तुम्हाला उचलताना हात सुटला असता तर?"

आमाने तोंड भिंतीकडे फिरवलं. तशीच म्हणाली, "आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही किती माया करता. कसं बोलू?"

"माया!" म्हातारी म्हणाली. "मायेने काय पाठ शेकते? जा. पण जेवून जा."

रुमी बॅग भरत होती तेव्हा बीयुन तिच्या दारात उभी राहिली. खोली कसली, जिन्याखालची जागा ती. वर पानांचे गठ्ठे, खाली गादी. बीयुन तिथे फारशी कधी गेलीच नव्हती. उशीशेजारी पाठीला लावायच्या पट्ट्यांची रिकामी पाकिटं पडली होती. स्वस्तातली, बाजारातली.

रुमीने दाराकडे पाहून आवाज खाली केला. "बाई, फोन तुम्हीच केलात ना?"

बीयुनने मागे वळून चिनफा कुठे आहे ते पाहिलं.

"त्या बाई म्हणाल्या, कुणा बाईचा होता. गल्लीत माझ्यासाठी एवढं कोण करणार? तुम्हीच रोज बघत होतात. दंड बसणार माहीत असून केलात." रुमीने तिचे दोन्ही हात धरले, कपाळाला लावले. "माझ्यात हिंमत नव्हती. तुमचे उपकार विसरणार नाही."

बीयुनला सांगता आलं असतं. अगं बाई, मी तुझ्या वाइटावर होते, एवढे चार शब्द. पण तिच्या तोंडून आलं, "गाडी थांबलीय." आणि रुमी गेली. बीयुन तिथेच उभी राहिली. हेव्यापोटी केलेलं एक काम, तेही या पोरीने उपकार म्हणून डोक्याला लावून नेलं. हिच्यापुढे आपल्याला धड वाईटसुद्धा होता येत नाही, असं तिला वाटलं आणि पुन्हा तिचाच राग आला.

सणाच्या दिवशी चिनफा सकाळपासून समोरच्या नूडलवाल्याशी भांडत होता.

"तूच केलास फोन! आमची रांग बघवत नाही तुला!"

"अरे जा! माझ्याकडेच तीन पोरी आहेत, मी कशाला तपासणीवाल्यांना गल्लीत बोलावू?" नूडलवाला ओरडला आणि सगळी गल्ली ऐकतेय हे ध्यानात येऊन आत पळाला.

घरातलं सगळं एकट्या बीयुनवर. आमाला उठवलं, धुतलं, कपडे बदलले. रुमी हे सगळं गाणं गुणगुणत करायची. बीयुनला म्हातारी उचलताना कमरेत चमक भरली आणि खुर्चीचा दांडा धरून ती थोडा वेळ वाकूनच राहिली. पूर्वजांपुढे नैवेद्य ठेवला, उदबत्त्या लावल्या. दुपारी घरच्यांसाठी बाचांग काढायला बीयुनने फ्रीजर उघडला तर तळाशी तो लाल दोऱ्याचा घड.

विसरून गेली महाराणी. बीयुनला आधी वाटलं, कचऱ्यात टाकावा. मग वाटलं, टाकायचा कशाला? हिच्यासाठी म्हातारीने एवढं काय खास घातलंय ते बघू तरी. खाऊनच टाकू. तिने सगळा घड उकळत्या पाण्यात सोडला.

आमा खुर्चीतून बघत होती. बीयुनने मुद्दाम तिच्यासमोर बसून पहिला सोडला. पान उलगडलं, वाफ आली, जेवायच्या काडीने भात फोडला तर आत मांसाचा मोठा तुकडा होता. डुकराचाच, सोया सॉसमध्ये मुरलेला.

बीयुनने तुकडा काडीवर उचलून पुन्हा पाहिला. रुमी डुक्कर खात नाही.

तिने भात चिवडला. शेंगदाणे होते, मशरूम होते. सवयीने ती सोडे शोधत होती, वेचून बाजूला काढायला. एकही नव्हता. तिने दुसरा सोडला. त्यातही नव्हता. तिसरा सोडला.

"सगळे उघडू नकोस," आमा म्हणाली. "वाळतील."

"आई, हा घड कुणाचा?"

"जिच्या अंगावर पित्त उठतं तिचा."

बीयुनने पानावरचा लाल दोरा उचलला. आमा अडखळत, एकेक शब्द तोंडात जुळवत बोलत होती. "लाल दोरा घातला, गिऱ्हाइकाला चुकून जाऊ नये म्हणून. आज द्यायचा होता तुला. हात चालत होते तोवर मी बांधला नाही. माझाच हट्ट. आता चालत नाहीत, तेव्हा सुचलं. म्हणून त्या पोरीकडून बांधून घेतला." तिने डाव्या हाताने लाळ पुसली. "चाकूसुद्धा दोनदा धुवायला लावला मी तिला. सोड्यांचा वास राहतो ना."

बाहेर चिनफा अजून ओरडत होता. फोन करणारा सापडला तर त्याची तंगडी मोडीन म्हणत होता.

"खा," आमा म्हणाली.

बीयुनने घास घेतला. आयुष्यात पहिल्यांदा या घरचा बाचांग ती न वेचता खात होती. आमाची चव काय असते, लोक लांबून का येतात, ते तिला आता कळलं. घास गिळता गिळता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

"गाठ बरी मारलीय का पोरीने?"

"बरी मारलीय, आई."

"कुठे नेऊन ठेवली असेल आता पोरीला," म्हातारी म्हणाली. "ज्या मेल्याने फोन केला त्याचं काय बिघडवलं होतं तिने?"

बीयुनने काड्या खाली ठेवल्या. सांगावं, आत्ताच सांगावं, असं तिला वाटलं. तोंड उघडलंही. मग तिने पुढचा बाचांग जवळ ओढला.

आमा तिच्याकडे टक लावून बघत होती.

"खाजतंय का गं?"

"नाही, आई. काहीच नाही."

"मग मनगट कशाला खाजवतेयस?"